नखाएवढी फुलं आणि गार रात्र

प्लॅटिस्टेली जुंगरमॅनिऑइडीस. एवढं लांबलचक नाव मिरवणाऱ्या या आमरीचं पूर्ण उमललेलं फूल अडीच मिलिमीटरच्या आसपास भरतं. मध्य अमेरिकेतल्या ओल्या जंगलात फांद्यांवरच्या शेवाळात ती वाढते. भिंग लावून पाहिलं की कळतं, लहान आहे म्हणून कुठेही काटकसर केलेली नाही. तीन निदलं आहेत, दोन पाकळ्या आहेत, तिसऱ्या पाकळीचा ओठ झाला आहे, मधोमध स्तंभ आहे आणि त्याच्या टोकाशी परागपिंड. लग्नाच्या मांडवात लावतात त्या डेंड्रोबियमच्या फुलात जे जे असतं ते सगळं इथे आहे.

हे पुस्तक अशा आमरींविषयी आहे: आकाराने इवल्या आणि स्वभावाने थंड हवेच्या. त्यांतल्या बहुतेक प्लुरोथॅलिडिनी नावाच्या एका प्रचंड गटातल्या आहेत. या गटात पाच हजारांहून अधिक जाती असून त्या सगळ्या अमेरिका खंडाच्या उष्ण कटिबंधातल्या. मास्डेवालिया, ड्रॅक्युला, लेपँथीस, रेस्ट्रेपिया, ड्रायडेला, स्टेलिस ही त्यांतली हौशी लोकांच्या तोंडी असलेली नावं. गटाबाहेरच्याही काही आहेत. न्यू गिनीच्या डोंगरांवरची डेंड्रोबियम कथबर्टसोनी आहे. तिचं झाड बोटभर उंचीचं, पण एकेक फूल कित्येक महिने टिकतं. ब्राझीलच्या किनारी डोंगररांगांतली लालभडक सोफ्रोनायटिस आहे. शास्त्रज्ञांनी आता तिला कॅटलियात घातलंय, पण बाग करणारे जुनं नाव सोडायला तयार नाहीत. मीही सोडलेलं नाही.

‘थंड हवेच्या’ म्हणजे नेमक्या कशा? आमरी वाढवणारे लोक त्यांचे तीन ढोबळ वर्ग करतात, आणि ते करतात रात्रीच्या किमान तापमानावरून. उष्ण गटाला रात्री अठराच्या खाली गेलेलं सोसत नाही. मधल्या गटाला तेरा ते सोळा अंश चालतं. थंड गटाला दहा ते तेरा अंशांची रात्र लागते आणि दिवसाही पारा चोविसाच्या फार वर गेलेला खपत नाही. यातली रात्र महत्त्वाची. दुपारी दोन तास तीस अंश झाले तर मास्डेवालिया कुरकुरत का होईना तग धरते. लागोपाठ रात्री पंचविसाच्या झाल्या की मात्र ती हिरवी पानं बुडापासून गाळू लागते. पान पिवळं पडत नाही, सुकत नाही, बोट लागताच सुटून हातात येतं. ज्याने ते पाहिलंय त्याला पुढचं सांगावं लागत नाही.

याचं कारण साधं आहे. दिवसा उजेडात झाड साखर तयार करतं. श्वसन मात्र रात्रंदिवस चालू असतं, आणि हवा जितकी गरम तितकं ते जोरात चालतं. गार रात्री दिवसाच्या कमाईतलं बरंचसं शिल्लक राहतं. उबदार रात्री कमावलेलं सगळं खर्ची पडतं आणि झाड मुद्दलात हात घालतं. त्यात या आमरींकडे मुद्दलही फारसं नसतं. आपल्याकडच्या बहुतेक झाडावरच्या आमरींना पाणी आणि अन्न साठवायला जाडजूड कंद असतात, मास्डेवालियाच्या गटात ते नाहीत. जे काही आहे ते एका जाडसर पानात.

साठवण नाही, कारण त्यांच्या मूळ गावी तिची गरज पडत नाही. अँडीज पर्वताच्या दीड ते तीन हजार मीटर उंचीच्या उतारांवर, कोलंबिया, इक्वादोर, पेरू या देशांत, ढग जमिनीवरूनच चालतात. वारा धुकं आणतो, ते शेवाळाला भिजवतं, शेवाळ मुळांना भिजवतं. शिवाय विषुववृत्त जवळ असल्याने तिथे वर्षभरात हवा फारशी बदलत नाही. दिवस आणि रात्र यांतला फरक हा जानेवारी आणि जुलै यांतल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा. साधारण 2,850 मीटरवर वसलेल्या किटो शहरात बारा महिने दिवसा एकोणीस-वीस आणि रात्री नऊ-दहा अंश असतात. उन्हाळा म्हणजे काय हे या झाडांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक नाही. आपण त्यांना पुण्यात आणतो आणि एप्रिल दाखवतो.

युरोपनेही तेच केलं होतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला आमरींचं वेड लागलं तेव्हा उष्ण कटिबंधातून आलेलं झाड म्हणजे उष्णच, अशी सगळ्यांची समजूत. जॉन लिंडलीसारख्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञानेही 1830 च्या सुमारास भरपूर उष्णता, सावली आणि दमट हवा असाच सल्ला दिला. कोळशाच्या भट्ट्यांनी तापवलेल्या, हवा कोंडलेल्या काचघरांत डोंगरावरची हजारो झाडं अक्षरशः शिजून मेली. पेरूहून, खासी टेकड्यांतून बोटी भरभरून माल येत होता, त्यामुळे मेलेल्या झाडांची किंमत कोणाला जाणवत नव्हती. जाँ लिंडन या बेल्जियन संग्राहकाने कोलंबिया-व्हेनेझुएलात हिंडून कोणतं झाड किती उंचीवर आणि किती गारव्यात वाढतं हे टिपून ठेवलं, तेव्हा कुठे डोकी ताळ्यावर येऊ लागली. पुढे 1860 च्या दशकात जेम्स बेटमनने थंड काचघरांचा जाहीर पुरस्कार केला. त्याच दशकात, 1867 मध्ये, रिचर्ड पिअर्सने पेरूतून व्हीच यांच्या नर्सरीसाठी मास्डेवालिया व्हीचियाना आणली. माचू पिच्चूच्या परिसरातल्या गवताळ, खडकाळ उतारांवर ती वाढते. नारिंगी निदलांवर जांभळे, डोळ्यांना जेमतेम दिसतील असे उंचवटे असतात आणि ऊन तिरपं पडलं की त्या नारिंगीतून जांभळी झाक सरकत जाते. छायाचित्रात ही सरकती झाक कधी नीट येत नाही.

त्या काळातल्या दोन माणसांविषयी थोडं लिहिलंच पाहिजे. पहिला नॅथॅनिअल वॉर्ड, लंडनमधला डॉक्टर. 1829 मध्ये त्याने पतंगाचा कोष मातीसकट एका बाटलीत बंद करून ठेवला होता. पतंगाऐवजी त्याचं लक्ष वेधलं ते बाटलीतल्या मातीत उगवलेल्या नेच्याने. बाहेर लंडनच्या धुराने त्याची नेच्यांची बाग मरत होती आणि आत, बंद काचेत, पाणी न घालता नेचा मजेत होता. 1833 मध्ये त्याच्या काचपेट्या झाडं घेऊन सिडनीला सुखरूप पोचल्या आणि वनस्पतींच्या जागतिक वाहतुकीचं रूपच पालटलं. आज दिवाणखान्यातल्या काचपेटीत जो कोणी लेपँथीस वाढवतो तो वॉर्डचा वारस. दुसरा बेनेडिक्ट रोझल हा चेक संग्राहक. स्वतःच बनवलेल्या यंत्राचं प्रात्यक्षिक हवानात दाखवताना त्याचा एक हात गेला. त्या जागी लोखंडी आकडा लावून तो पुढची कित्येक वर्षं अँडीजमध्ये हिंडला. कोलंबियाच्या पश्चिम डोंगररांगेत त्याला सापडलेली एक केसाळ, शेपट्यांची, काळपट जांभळी आमरी पाहून युरोपातले तज्ज्ञ चक्रावले. प्राग शहरात त्याचा पुतळा आहे. त्याने एकेका जागेवरून किती झाडं ओरबाडली याची नोंद मात्र पुतळ्यावर सापडायची नाही.

ती केसाळ आमरी बराच काळ मास्डेवालियातच मोडत होती. 1978 मध्ये कार्लाइल लुअर यांनी तिच्यासारख्यांचा वेगळा गट केला आणि त्याला ड्रॅक्युला हे नाव दिलं. लुअर मूळचे शल्यचिकित्सक. फ्लोरिडात शस्त्रक्रिया सोडून ते आमरींकडे वळले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी या एका गटाची वर्णनं लिहिण्यात आणि रेखाटनं करण्यात घालवलं. सूक्ष्मदर्शकाखाली इवल्या फुलाचे अवयव सुटे करून मांडायला सर्जनचाच हात हवा, असं त्यांची चित्रं पाहताना वाटतं.

ड्रॅक्युलाच्या फुलात माकडाचा चेहरा दिसतो म्हणून त्याची छायाचित्रं फोनवरून फोनवर फिरत असतात. खरी गंमत चेहऱ्यात नाही, ओठात आहे. फूल हातात धरून किंचित उलटं केलं तर ओठाच्या खालच्या अंगाला अळिंबीच्या छत्रीखाली असतात तशा पापुद्र्यांच्या रेघा दिसतात. नाक जवळ नेलं तर वासही अळिंबीचाच येतो. इक्वादोरच्या लोस सेद्रोस अरण्यात अमेरिकन संशोधक बिटी रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्रिमितीय छपाईच्या तंत्राने कृत्रिम फुलं बनवली आणि ओठ, रंग, वास वेगवेगळे करून तपासले. अळिंबीवर जगणाऱ्या झिगोथ्रिका माश्या खऱ्या फुलाच्या ओठाच्या वासाने आणि निदलांवरच्या नक्षीने फसतात, असं त्यातून दिसून आलं. मध नाही, परागांची मेजवानी नाही. माशी येते, परागपिंड पाठीवर घेऊन जाते आणि फुलाचं काम होतं.

लेपँथीस याच्याही पुढे गेली आहे. तिच्या हजाराहून अधिक जाती, आणि बहुतेकींचं फूल पानाच्या पाठीशी चिकटलेलं, तांदळाच्या दाण्याएवढं किंवा त्याहून लहान. भिंगाखाली आधी देठ पाहावा. त्यावर एकात एक बसवलेल्या, कडेला केस असलेल्या छोट्या कर्ण्यांची रांग असते. मग पान उलटून फूल पाहावं: पिवळा, लाल, नारिंगी, सगळे रंग उघडे-वाघडे एकमेकांशेजारी. कोस्टा रिकात ब्लँको आणि बार्बोझा यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की लेपँथीस ग्लिकेनस्टायनीच्या फुलाला ब्रॅडिसिया प्रजातीची नर चिलटं मादी समजून बिलगतात आणि त्या खटाटोपात पराग वाहतात. याच ब्रॅडिसियाची भावंडं आपल्या घरच्या ओल्या कुंड्यांभोवती घिरट्या घालतात आणि आपण त्यांच्यासाठी पिवळे चिकट सापळे लावतो.

आता मुद्द्यावर येतो. महाराष्ट्रात ही झाडं घरी वाढतील का?

एका शब्दात उत्तर देता येत नाही. मुंबईचं वेगळं, पुण्याचं वेगळं. फरक समजायला माठ पुरेसा आहे. कोरड्या हवेत माठ पाझरतो, पाणी उडतं आणि आतलं गार होतं. दमट हवेत तोच माठ नुसता ओला राहतो. एप्रिलमध्ये पुण्यात दुपारी अडतीस अंश आणि हवेत वीस टक्के आर्द्रता असेल तर केवळ बाष्पीभवनाच्या जोरावर हवा एकवीस अंशांच्या जवळ नेता येते. वाळ्याचे पडदे, ओल्या विटांची चौकट, कूलर, सगळ्यांमागे एकच तत्त्व आहे. मुंबईत मे महिन्यात तेहतीस अंश आणि सत्तर टक्के आर्द्रता असते. तिथे हाच खटाटोप करूनही पारा अठ्ठाविसाच्या आसपास अडकतो. शिवाय तिथे मेमधली रात्रही सत्तावीस अंशांची. मुंबईच्या खिडकीत मास्डेवालिया जगेल असं कोणी विकणारा सांगत असेल तर त्याचा नमस्कार घ्यावा आणि पुढे जावं.

मग मुंबईकरांनी, नागपूरकरांनी काय करायचं? काचेचं दार असलेला छोटा शीतकपाट घ्यायचा. मद्याच्या बाटल्यांसाठी जे मिळतात ते चालतात, फक्त काँप्रेसरचे पाहून घ्यावेत. बिनकाँप्रेसरचे, पेल्टिए पद्धतीचे स्वस्त असतात, पण बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशच खाली उतरतात आणि नेमके उन्हाळ्यात हात टेकतात. आत एलईडी पट्टी, संगणकातला बारा व्होल्टचा पंखा, दिवसा आणि रात्री वेगळं तापमान ठेवणारा थर्मोस्टॅट. शीतकपाट हवा गार करतो तशी कोरडीही करतो, म्हणून तळाशी पाण्याचा ट्रे आणि दिवसातून काही मिनिटं धुकं सोडणारं यंत्र. आमच्याकडे हे कपाट दिवाणखान्यात आहे. पाहुणे त्याच्याकडे थंड पेयाच्या आशेने पाहतात आणि आत शेवाळ बघून सभ्यपणे विषय बदलतात.

पुणे, नाशिक, बेळगाव इथल्या लोकांना निसर्ग निम्मी मदत करतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुण्यातली रात्र अकरा ते चौदाच्या घरात असते, म्हणजे अगदी पुस्तकातली. पावसाळ्यात आर्द्रता आपसूक मिळते. प्रश्न मार्च ते जूनचा. एवढेच महिने थंड कपाटात आणि बाकीचे महिने पूर्वेच्या गॅलरीत, अशी विभागणी करता येते. बंगळूरला राहणाऱ्यांना याहून सोपं. आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या मराठी वाचकांचा मला मनापासून हेवा वाटतो. तिथलं धुकं अँडीजच्या धुक्याची उत्तम नक्कल करतं. गोल्डन गेट पार्कातल्या, 1879 मध्ये उघडलेल्या काचगृहात ड्रॅक्युलांचा जगातला एक नावाजलेला संग्रह आहे. तो पाहून घरी सनीव्हेलला परतताना मात्र लक्षात ठेवावं की पाऊण तासाच्या रस्त्यात हवा बदललेली असते.

जातींची निवड हाच निम्मा विजय. नवख्याने डेंड्रोबियम कथबर्टसोनीच्या वाटेला जाऊ नये, फुलाचा फोटो कितीही गोड असला तरी. मास्डेवालियाच घ्यायची तर ब्राझीलची इनफ्रॅक्टा किंवा मेक्सिको-मध्य अमेरिकेतली फ्लोरिबंडा घ्यावी, या दोघी गरमी बऱ्यापैकी सोसतात. त्याहून माझी शिफारस रेस्ट्रेपियाची. मधल्या तापमानात सुखाने राहते, वर्षातून अनेकदा फुलते आणि जुन्या पानाच्या बुडाशी, देठाला लागून, आपोआप पिल्लं देते. पिल्लाला मुळं फुटली की सोडवून मित्राला द्यावं. ड्रॅक्युला घेतलीच तर टोपलीत लावावी, कारण तिचे फुलांचे देठ खाली जातात. कुंडीत लावलेल्या ड्रॅक्युलाची फुलं मातीच्या अंधारात कुजतात आणि मालक वर्षभर ‘फुलत का नाही’ म्हणून विचारत राहतो.

पाण्याबद्दल दोनच ओळी. या झाडांच्या मुळांना क्षार अजिबात चालत नाहीत. धरणाचं पाणी बहुतेक ठिकाणी चालून जातं, बोअरचं चालत नाही, पावसाचं सर्वांत चांगलं. खतं डब्यावर लिहिलेल्या प्रमाणाच्या चौथाईने. आणि हवा सतत हलती हवी. ओलं पान, गरम आणि कोंदट हवा हे तिन्ही जमलं की कुज ठरलेली. लाल कोळी, पिठ्या ढेकूण आणि गोगलगाई यांचा समाचार पुढे स्वतंत्र प्रकरणात घेतला आहे.

इथवर वाचून कोणी विचारेल, आपल्या सह्याद्रीत इवल्या आमरी नाहीत का? आहेत, आणि उत्तम आहेत. आंबोलीत, महाबळेश्वरात, गोव्याच्या घाटात पॉरपॅक्स पाहावी: सालीला घट्ट चिकटलेले चपटे कंद, त्यांवर जाळीचं आवरण आणि पावसाच्या तोंडाला कंदातून थेट निघालेलं तपकिरी-तांबडं फूल. ओबेरोनियाच्या लोंबत्या तुऱ्यावर एक-दोन मिलिमीटरची फुलं शेकड्यांनी असतात. डाल्झेल आणि गिब्सन यांनी 1861 च्या ‘द बॉम्बे फ्लोरा’त यांच्यातल्या कित्येकींची दखल घेतली, फादर सांतापाव आणि कपाडिया यांचं ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ 1966 मध्ये आलं. पण या आमरींचा लहानपणा वेगळ्या जातकुळीचा आहे. त्यांना चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडं झाड एवढंच ठाऊक. कंदात पाणी साठवून, पानं गाळून त्या उन्हाळा काढतात. त्यांना थंड कपाटात घालून रोज धुकं दिलं तर त्या लाडाने मरतील. मुख्य म्हणजे त्यांना घरी आणायचंच नाही. राखीव वनातून रोप उपटणं हा गुन्हा आहे आणि उपटलेलं रोप बहुधा दुसरा पावसाळा पाहत नाही. भिंग घेऊन जावं, पाहावं, आणि हात मागे ठेवावेत.

परदेशी आमरींनाही हाच न्याय. जगातल्या सगळ्या आमरी साइट्स या वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत. परदेशातून झाड मागवायचं तर साइट्सची कागदपत्रं, रोगमुक्ततेचा दाखला आणि आपल्याकडच्या वनस्पती संगरोध नियमांनुसार आयात परवाना, एवढं लागतं. सामानात लपवून आणलेल्या झाडाची फुशारकी मारणारे भेटतात. त्यांच्याकडून एक पानही घेऊ नये. 1922 मध्ये लुईस नडसनने आमरीचं धुळीसारखं बी बुरशीच्या मदतीविना, साखरेच्या जेलीवर रुजवून दाखवलं, तेव्हापासून जंगल ओरबाडायला कसलीही सबब उरलेली नाही. नर्सरीत बियांपासून किंवा विभागणीतून वाढवलेली झाडं मिळतात आणि ती घरात जास्त टिकतातही. अरण्यांना दुसरे शत्रू पुरेसे आहेत. लोस सेद्रोसमध्येच खाणकाम सुरू व्हायचं होतं. 2021 च्या अखेरीस इक्वादोरच्या घटना न्यायालयाने निसर्गाच्या हक्कांचा आधार घेऊन ते थांबवलं. त्या देशात चार हजारांहून अधिक आमरी आहेत, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लू जोस्ट यांना तिथल्या शेजारशेजारच्या काही शिखरांवर तेगुइया या एकाच प्रजातीच्या दोन डझनांहून अधिक नव्या जाती मिळाल्या. एकेका डोंगरावर जे आहे ते कदाचित फक्त त्याच डोंगरावर आहे.

पुढची प्रकरणं क्रमाने वाचायची गरज नाही, पण पहिलं तेवढं टाळू नका. ते तापमापीचं आहे. झाड घेण्याआधी किमान-कमाल दाखवणारा साधा तापमापी आणा, गॅलरीत जिथे झाड ठेवायचं मनात आहे तिथेच टांगा आणि मार्च ते जून रोज सकाळी रात्रीचा आकडा वहीत लिहा. तो आकडा बाविसाच्या खाली राहत असेल तर रेस्ट्रेपिया मागवा. राहत नसेल तर आधी कपाटाची किंमत आणि विजेचं बिल पाहा, घरच्यांशी बोला, आणि मगच नर्सरीला फोन करा.